गाव सोडलेल्या चित्रकाराकडे फक्त गावच मागू नका

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी बेळगावच्या एका मराठी शाळेतून निवृत्त झालेला चित्रकला शिक्षक आहे. माझा एक जुना विद्यार्थी गेली अकरा वर्षं जर्मनीत आहे. घर इथल्याच वडगावात, आई-वडील मागावर कापड विणणारे. दिवाळीला गावी आला तेव्हा त्यानं स्थानिक प्रदर्शनासाठी तीन चित्रं दिली. आठ दिवसांत ती परत आली. निरोप असा की, चित्रं चांगली आहेत, पण यात आपल्या मातीचं काही दिसत नाही. पोरगं काही बोललं नाही. मला मात्र झोप लागली नाही, म्हणून हे पत्र.

आमच्या भागात ही अपेक्षा का बळावते, ते मला समजतं. १ नोव्हेंबर १९५६ ला आमची माणसं उंबऱ्याबाहेर पाऊल न टाकता मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेली. तेव्हापासून दुकानाच्या पाटीपासून शाळेच्या दाखल्यापर्यंत, आपण कोण हे आपल्याला सांगत राहावं लागलं. त्यामुळे बाहेर गेलेल्या पोरानंही ते सांगावं असं वाटतं. पण चित्राकडून रहिवासी दाखला मागायचा का?

अशा वेळी चित्रकार सय्यद हैदर रझांचं उदाहरण हटकून दिलं जातं. फ्रान्सला गेले, पण शेवटी ‘बिंदू’कडे, त्या गोल ठिपक्याच्या चित्रांकडे, म्हणजे भारताकडे वळले, असं. गोष्ट खरी आहे, पण ती सांगताना मधली तीस वर्षं गाळली जातात आणि माझ्या दृष्टीनं सगळा ऐवज त्या तीस वर्षांतच आहे.

रझांचा जन्म १९२२ चा, आताच्या मध्य प्रदेशातल्या मंडला जिल्ह्यातल्या बाबरियाचा. वडील जंगलखात्यात. शिक्षण आधी नागपूरच्या कलाशाळेत, मग मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत. फाळणीनंतर भावंडं पाकिस्तानात गेली, हे इथेच राहिले. तेव्हाची त्यांची मुंबईची जलरंगातली चित्रं पाहा, ओल्या रस्त्यांची, घाईनं उतरवलेली. १९४८ साली काश्मिरात त्यांना छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ भेटले. चित्रं पाहून त्यांनी सांगितलं की गुण आहे, पण बांधणी नाही, सेझान या फ्रेंच चित्रकाराचा अभ्यास करा. दुसरा कुणी असता तर रागावला असता. रझा फ्रेंच शिकायला लागले आणि १९५० मध्ये शिष्यवृत्ती घेऊन पॅरिसला पोचले.

तिथं त्यांनी काय काढलं? फ्रान्समधली खेडी. उतरती छपरं, चर्चचा मनोरा, माणूस औषधालाही नाही. त्या कामावर १९५६ मध्ये त्यांना समीक्षकांचा पुरस्कार मिळाला, फ्रेंच नसलेल्या चित्रकाराला पहिल्यांदाच. त्या चित्रांत मंडला शोधत बसणाऱ्याच्या हाती काही लागणार नाही. पुढे १९६२ मध्ये अमेरिकेत बर्कलेला शिकवायला गेले, तिथं अमेरिकन चित्रकार रॉथकोची चित्रं पाहिली आणि घरांच्या कडा विरघळल्या. उरला नुसता रंग. मग त्या रंगात रात्र आली, रान आलं. सत्तरच्या दशकात ते पुन्हा पुन्हा भारतात येऊन फिरले. बिंदू ठळकपणे पुढं आला तेव्हा साठीला टेकले होते.

तो बिंदू मुळात शाळेतला. पोराचं चित्त थाऱ्यावर नाही म्हणून प्राथमिक शाळेच्या गुरुजींनी भिंतीवर एक टिंब काढलं आणि त्याकडे बघत बस म्हणून सांगितलं. शिक्षक म्हणून हा प्रसंग मला फार जवळचा वाटतो. ते टिंब पन्नास वर्षं आत पडून होतं. सेझानची बांधणी आणि रॉथकोचा रंग हाताखालून गेल्यावरच ते कॅनव्हासवर उमटू शकलं. पॅरिसला पोचल्यावर पाचव्या वर्षी कुणी त्यांना ‘तुमच्या मातीचं काहीतरी काढा’ म्हटलं असतं आणि त्यांनी ते ऐकलं असतं, तर आपल्याला कदाचित झाडं-झोपड्यांची शोभेची चित्रं मिळाली असती.

आपले चित्रकार रवी परांजपे घ्या. बेळगावात जन्मले, इथलेच चित्रकार के. बी. कुलकर्णींकडे शिकले, मुंबईत काम केलं, काही वर्षं नैरोबीत काढली, शेवटी पुण्यात स्थिरावले. आपण त्यांचा अभिमान सांगतो तो त्यांच्या रेषेमुळं, बेळगावचा किल्ला त्यांनी किती वेळा काढला यामुळं नव्हे.

आता माझ्या विद्यार्थ्याविषयी. तो सातवीत असताना मी वर्गाला किल्ल्यातल्या कमलबस्तीत, तिथल्या जुन्या जैन मंदिरात, नेत असे. पोरांना फरशीवर उताणं झोपवायचं आणि छतातलं दगडी कमळ काढायला सांगायचं. बाकीची पोरं पाकळ्या मोजत बसायची. हा पाकळ्यांमधला काळोख काढत होता. ‘काय काढूलालास रे?’ म्हटलं तर म्हणाला, ‘सर, मोकळी जागा.’ जर्मनीत गेल्यावर पहिली तीन-चार वर्षं त्यानं माग, धोटा, आईचे हात हेच काढलं. मग दोन वर्षं काहीच नाही. फोनवर म्हणायचा, ‘सर, तेच तेच काढतोय, आता खोटं वाटतंय.’ त्यानंतर ही चित्रं आली. पांढऱ्यावर पांढरा, त्यावर राखाडी आणि आडव्या बारीक काळ्या रेषा. मी उत्साहानं म्हटलं, ‘अरे, हे ताणं-बाणं!’ तो क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, ‘नाही सर, ट्रामच्या तारा आहेत. माझ्या खिडकीतून दिसतात.’

मी मान्य केलं. त्याला जे दिसतं ते त्यानं काढलं. त्यात माग घुसवण्याचा हक्क मला नाही, परीक्षकांनाही नाही.

प्रदर्शन भरवणाऱ्यांना हात जोडून सांगणं आहे. बाहेरगावी गेलेल्या मुलामुलींची चित्रं मागवा, पण विषय देऊन मागवू नका. चित्राखाली गाव लिहा, ते जिथं काढलं ते शहर लिहा, साल लिहा. बघणाऱ्याला प्रवास आपोआप दिसेल. रझा साठ वर्षांनी, २०१० च्या अखेरीस भारतात परतले. २०१६ मध्ये गेल्यावर मंडल्यात वडिलांच्या कबरीशेजारी त्यांना मूठमाती मिळाली. त्यांचं परतणं त्यांनी स्वतः ठरवलं होतं.

ती तीन चित्रं सध्या माझ्या सोप्यात टांगलेली आहेत. परवा शेजारची मावशी साखर मागायला आली. जन्मभर माग चालवलेली बाई, चित्रांसमोर वाटी हातात धरून बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, ‘तिकडं थंडी लई असंल न्हवं पोराला?’

आपला,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक,
शहापूर, बेळगाव