शाखा निवडण्याआधी पदांचा तक्ता द्या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

नीट-पीजीचा, म्हणजे डॉक्टरांच्या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेचा, निकाल लागला की मिरज-सांगलीतल्या डॉक्टरांकडे ओळखीपाळखीची मुले-मुली सल्ला विचारायला येऊ लागतात. पंचवीसहून अधिक वर्षे मी या भागात भूलतज्ज्ञ म्हणून काम करते, त्यामुळे माझ्याकडेही येतात. पूर्वी ती विचारत, "मॅडम, या शाखेत शिकायला काय असतं?" आता विचारतात, "शिकून बाहेर पडेन तेव्हा काम मिळेल का?" हा प्रश्न त्यांच्या ओठांवर का आला, हे मला समजते, आणि त्यांना मी नीट उत्तर देऊ शकत नाही याचे वाईट वाटते. मात्र या प्रश्नाच्या एका भागाचे उत्तर शासनाच्या कपाटात तयार पडून आहे, ते बाहेर यावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मी भूलशास्त्र घेतले तेव्हा घरच्यांना ते पसंत नव्हते. भूलतज्ज्ञाला स्वतःचा दवाखाना नसतो, दारावर पाटी नसते, बरा होऊन गेलेल्या रुग्णाला त्याचे नावही आठवत नाही, असे तेव्हा सगळेच म्हणत, आणि ते खोटे नव्हते. पुढे दुर्बिणीच्या शस्त्रक्रिया आल्या, सांधेबदल आले, अतिदक्षता विभाग वाढले, आणि दिवसाला चार-चार रुग्णालयांतून मला बोलावणी येऊ लागली. हे मी दूरदृष्टीने ओळखले होते असे मुळीच नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेतील जेफ्री हिंटन यांच्यासारख्या शास्त्रज्ञाने २०१६ मध्ये, हे काम संगणकच करेल म्हणून रेडिओलॉजिस्ट (एक्स-रे, सीटी स्कॅन वाचणारे डॉक्टर) घडवणे थांबवावे, असे सांगितले होते, आणि आज प्रवेशाच्या पहिल्या फेरीत सर्वांत आधी भरणाऱ्या शाखांत रेडिओलॉजीच आहे. त्यामुळे बाजार पाहून शाखा घ्या, असा सल्ला देणाऱ्या वडीलधाऱ्यांनी थोडे जपून बोलावे, असे मला वाटते.

मात्र बाजाराचे सोडले तरी संख्येचा प्रश्न उरतोच. २०१४ पूर्वी देशात एमबीबीएसच्या ५१,३४८ आणि पदव्युत्तर ३१,१८५ जागा होत्या. आता एमबीबीएसच्या जागा एक लाखाच्या वर गेल्या आहेत आणि पदव्युत्तर जागा दुपटीहून अधिक झाल्या आहेत. मिरजेचे शासकीय महाविद्यालय १९६२ चे आहे, आणि साताऱ्यातही आता शासकीय महाविद्यालय आहे. एम.डी. करून गावी पाटी लावली की वर्षभरात जम बसेल, हा आमच्या पिढीचा हिशेब या मुलांच्या कामाचा राहिलेला नाही. दुसरीकडे, शरीररचनाशास्त्र, जीवरसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र अशा विषयांच्या जागा रिकाम्या राहतात, आणि २०२३ मध्ये तर त्या भरण्यासाठी पात्रतेची अट शून्य पर्सेंटाइलवर, म्हणजे परीक्षेला बसलेला प्रत्येक जण पात्र, इथवर आणावी लागली. या विषयांत मुले का येत नाहीत, याचे खापर त्यांच्या पैशाच्या ओढीवर फोडणे सोपे आहे. पण २०२२ मध्ये ज्याने सूक्ष्मजीवशास्त्र घेतले, त्याची तीन वर्षे पुरी होत असताना राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२५ च्या नियमांनी त्या विभागात डॉक्टर नसलेल्या, एम.एस्सी.-पीएच.डी. झालेल्या अध्यापकांनाही वाट मोकळी करून दिली. त्या अध्यापकांविषयी माझी काहीच तक्रार नाही, मला शरीरक्रियाशास्त्र शिकवणारे सर त्यांच्यापैकीच होते आणि ते उत्तम शिकवत. पण ज्या नियमाच्या भरवशावर मुलाने तीन वर्षे दिली, तो नियम त्याची पदवी हातात येईपर्यंत तरी टिकावा, एवढी अपेक्षा रास्त आहे.

सगळ्यात जास्त मनाला लागते ते वेगळेच आहे. डॉक्टर जास्त झाले, काम कमी पडेल, असे एकीकडे म्हणत असताना केंद्र सरकारच्या २०२१-२२ च्या ग्रामीण आरोग्य आकडेवारीनुसार सामुदायिक आरोग्य केंद्रांत गरजेच्या मानाने शल्यचिकित्सक ८३.२ टक्के, बालरोगतज्ज्ञ ८१.६ टक्के, फिजिशियन ७९.१ टक्के आणि स्त्रीरोगतज्ज्ञ ७४.२ टक्के कमी होते. भूलतज्ज्ञ नसला तर स्त्रीरोगतज्ज्ञ हजर असूनही सीझर करता येत नाही, आणि जतसारख्या तालुक्यातली अडलेली बाई सुमारे ऐंशी किलोमीटर अंतर १०८ च्या गाडीतून कापत मिरजेला येते. अशा बाईला टेबलावर घेताना हातात किती मिनिटे उरलेली असतात, ते मी अनेकदा पाहिले आहे. ही उणीव भरायला एमबीबीएस डॉक्टरांना अठरा आठवड्यांचे भूल देण्याचे प्रशिक्षण देण्याची योजनाही शासनाने काढली. म्हणजे गरज आहे, हे शासनालाही मान्य आहे. तरीही तीन वर्षे शिकून आलेल्या तज्ज्ञापुढे बहुधा अकरा महिन्यांचा करार किंवा केसमागे मानधन एवढेच ठेवले जाते. मी स्वतः काही काळ एका ग्रामीण रुग्णालयात केसमागे मानधनावर जात होते. ते मानधन सहा-सहा महिने थकत असे, आणि शेवटी मला ते काम सोडावे लागले. घरावर शिक्षणाचे कर्ज असलेल्या तरुणाने तेथे जावे, असे मी कोणत्या तोंडाने सांगू?

पदव्युत्तर शिक्षणानंतर शासन एका वर्षाच्या सेवेचे बंधपत्र लिहून घेते आणि ती सेवा न केल्यास पन्नास लाख रुपये मागते. शिक्षणावर जनतेचा पैसा खर्च होतो, तेव्हा हे मला अन्यायाचे वाटत नाही. पण मुलाकडून इतके पक्के वचन घेणाऱ्या शासनाने त्याला निदान माहिती तरी द्यावी. प्रत्येक जिल्ह्यात, प्रत्येक विषयात मंजूर पदे किती, भरलेली किती, कंत्राटी किती, आणि येत्या पाच वर्षांत निवृत्त होणारे किती, असा एक तक्ता पसंतीक्रम भरण्याची मुदत सुरू होण्याआधी प्रसिद्ध व्हावा. त्यासाठी समिती नेमण्याची गरज नाही, निवृत्तीची तारीख प्रत्येकाच्या सेवापुस्तकात लिहिलेली असते. अडचण एवढीच की महाविद्यालये वैद्यकीय शिक्षण विभागाकडे आणि ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालये सार्वजनिक आरोग्य विभागाकडे आहेत, आणि दोघांचे आकडे एका कागदावर येत नाहीत. तसेच, बंधपत्राचे वर्ष ज्याने ग्रामीण रुग्णालयात चांगले काढले, त्याला इच्छा असल्यास त्याच पदावर कायम होण्याची संधी लोकसेवा आयोगामार्फत ठरलेल्या तारखेला मिळावी.

गेल्या आठवड्यात कवठेमहांकाळकडची एक मुलगी आली होती. भूलशास्त्र आणि बालरोग या दोन्ही शाखा तिच्या रँकला मिळण्यासारख्या आहेत, दोन्ही तिला आवडतात, आणि शिकून आपल्याच भागात राहायचे, एवढे तिचे ठरले आहे. तीन वर्षांनी सांगली जिल्ह्यात कोणत्या विषयाची किती पदे निघतील, असे तिने विचारले. ओळखीच्या चार कार्यालयांत मी फोन केले, पण आकडा मिळाला नाही. तिची पसंती भरण्याची मुदत येत्या काही दिवसांत संपेल.

आपली,
एक भूलतज्ज्ञ, मिरज