दोन हजार सगळ्यांना, पण कुणाच्या खात्यातनं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परवाच्या वाचकांच्या पानावर एका गृहस्थांचं पत्र होतं. त्यांचं म्हणणं असं की पुरोगामी पक्षांनी जात, आरक्षण, देवदासी हे विषय आता जरा बाजूला ठेवावेत, लोकांच्या खिशात पैसा कसा जाईल तेवढंच बोलावं, कारण जातीचं काढलं की लोक फुटतात आणि पोटाचं बोललं की सगळे एक होतात, 2023 ला कर्नाटकात काँग्रेस गॅरंटी योजनांवर निवडून आली तेव्हा हेच तर झालं. आमच्याकडं पेपर आधी मामंजी (सासरे) वाचतात मग मी, त्यांना ते पत्र लई पटलं, मला अर्धं पटलं. उरलेल्या अर्ध्यासाठी हे लिहायला घेतलंय.

पटलं ते आधी सांगते. गॅरंटी योजनांना रेवडी म्हणून नाकं मुरडणारे बहुतेक असे असतात की ज्यांच्या खात्यात 2000 आले काय न आले काय कळतसुद्धा नाही. आमच्या मागच्या गल्लीत विड्या वळणाऱ्या एक दलित मावशी आहेत. गृहलक्ष्मीचा, म्हणजे घरातल्या कर्त्या बाईला महिन्याला 2000 देणाऱ्या योजनेचा, मेसेज त्यांना वाचता येत नाही म्हणून मोबाईल घेऊन माझ्याकडं येतात, "बघ गं आल्यात काय पैसे", आणि आले असले की गॅस आणि भिशी दोन्ही त्यातनं भागतं. विड्यांची मजुरी हातात पडताना छाट (खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्या) किती काढायची ते घेणाऱ्याच्या मनावर, हे 2000 मात्र कोण छाटत नाही (उशिरा येतात, हप्ते थकतात, ते सोडा). शक्ती योजनेच्या, बायकांना फुकट असलेल्या बसनं त्या सौंदत्तीला यल्लम्माला जाऊन आल्या, मुलाकडं तिकिटाला पैसे न मागता. हे काय कमी आहे काय? आमच्या घरात रेशन कार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून आत्तींचं (सासूबाईंचं) नाव, म्हणून 2000 आत्तींना आणि मला भोपळा, पण त्यावर जास्त लिहिलं तर घरात राहणं अवघड होईल.

आता न पटलेलं. कर्नाटकात 2013 ला सिद्धरामय्यांच्याच सरकारनं एक कायदा केला, एससी-एसटी उपयोजनेचा. विकासाच्या खर्चातला 24.1 टक्के वाटा, म्हणजे त्यांच्या लोकसंख्येएवढा, त्यांच्यासाठी वेगळा काढायचा आणि त्यांच्यावरच खर्च करायचा. कायदा चांगला, त्यातलं पळवाटीचं 7 डी कलम होतं ते पण 2023 ला काढून टाकलं, वाहवा झाली. आणि त्याच 2023-24 ला ह्या निधीच्या 34 हजार कोटींतले 11 हजार कोटींच्या वर गॅरंटी योजनांकडं वळवले, पुढच्या वर्षी 39 हजार कोटींतले 14 हजार कोटींच्या वर. सरकारचं उत्तर तयार आहे, हे पैसे शेवटी दलित-आदिवासी बायकांनाच मिळाले, मग वळवले कुठं?

ऐकायला बरोबर वाटतं. पण आमच्या आत्तींचे 2000 येतात सरकारच्या साधारण तिजोरीतनं आणि मावशींचे 2000 येतात मावशींच्या समाजासाठी कायद्यानं आधीच बाजूला काढून ठेवलेल्या पैशातनं. मिळाले दोघींना सारखेच. पंगत एक, पत्रावळ एक, वाढप पण सारखं, आणि उठताना फक्त एका गल्लीकडनं शिध्याचे पैसे मागून घ्यायचे, असला हा प्रकार आहे. मावशी ह्या राज्याच्या रहिवासी म्हणून हे 2000 त्यांना मिळणारच होते की, आणि त्याशिवाय हॉस्टेल, शिष्यवृत्ती, गंगा कल्याण योजनेतनं शेतात मारून मिळणारी बोअर हे त्यांच्या हक्काचं वेगळं मिळायला पाहिजे होतं. मावशींच्या दिरांच्या शेतात गंगा कल्याणची बोअर मारलीय, पाणी पण लागलंय, पण मोटार नाही आणि करंट नाही, तोंडावर पोतं बांधून ठेवलंय. ते ह्याच वळवलेल्या पैशामुळं अडलंय असं मी म्हणत नाही, मला तेवढं माहीत नाही, पण विचारायला गेलं की निधी नाही हे उत्तर मिळतं आणि निधी कुठं गेला हे तर विधानसभेत सरकारनंच सांगितलंय.

हे फक्त काँग्रेसचं आहे असंही नाही. पलीकडं महाराष्ट्रात, कागल-कोल्हापुरात, जुलै 2024 पासून लाडक्या बहिणींना 1500 मिळतात (आमच्याकडच्या बायका त्यावरनं त्यांना चिडवतात, आमचे 500 जास्त म्हणून), तिथं मे 2025 ला सामाजिक न्याय खात्याचे 410 कोटी आणि आदिवासी खात्याचे 335 कोटी त्या योजनेकडं फिरवले, तेव्हा त्या सरकारातले सामाजिक न्यायमंत्री संजय शिरसाटच त्याविरुद्ध उघड बोलले. सीमा कुठं असावी ह्यावर दोन राज्यांचं 1956 पासून पटत नाही, पण पैसा कमी पडला की हात कुणाच्या खिशात घालायचा ह्यावर कसं पटलं बघा.

आणि पोटाचं बोललं की सगळे एक होतात म्हणे! निपाणीत बसून हे कसं ऐकून घ्यायचं? 1981 ला तंबाखूच्या भावासाठी शरद जोशींबरोबर शेतकरी पुणे-बंगळूर रोडवर बसले, 6 एप्रिलच्या गोळीबारात 12 जण गेले. भाव मिळायलाच पाहिजे होता, त्यात शंकाच नाही. पण त्याच काळात ह्याच गावात तंबाखूच्या वखारीत धुळीत राबणाऱ्या बायका सुभाष जोशींसारख्या कार्यकर्त्यांबरोबर वेगळं भांडत होत्या, मजुरीसाठी आणि वखारीत होणाऱ्या छळाविरुद्ध, आणि त्यांच्यात दलित होत्या, देवदासी होत्या. तंबाखूला भाव वाढला म्हणून त्यांची मजुरी आपोआप वाढत नव्हती. आता ऊस घ्या. नोव्हेंबर 2025 ला बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लापूर क्रॉसला टनाला 3500 साठी शेतकरी बसले, 3300 वर मिटलं, सगळ्या पक्षांचे पुढारी तिथं येऊन गेले. पण तो ऊस तोडायला उचल घेऊन जी जोडपी येतात, पालात राहतात, त्यांच्या कोयत्याच्या रेटचं त्या सगळ्यात मला तरी कुठं वाचायला मिळालं नाही. पोट सगळ्यांना असतं, पण सगळ्यांची मागणी एक नसते.

आमच्या मराठी माणसांनी तर ह्याबद्दल जास्तच विचार करावा, कारण "आधी हे, मग ते" आपण पण लई वर्षं केलंय. आधी सीमाप्रश्न, मग बाकी सगळं. महाराष्ट्र एकीकरण समितीच्या मोर्चात सगळ्या जातीची माणसं चालली, 1 नोव्हेंबरच्या काळ्या दिनाला सगळे आले, पण तिकीट द्यायच्या वेळी यादी कशी असायची ते सगळ्यांना ठाऊक आहे, हे लिहिल्यावर मामंजी चार दिवस बोलणार नाहीत. आणि आमचा मराठा समाज आरक्षणाच्या 3बी गटातनं 2ए गटात घाला म्हणून मागणी करतो, लिंगायतांतले पंचमसाली त्यासाठी बेळगावच्या सुवर्णसौधजवळ लाठ्या खातात, तेव्हा त्याला कोण जातीचं राजकारण म्हणत नाही. ती न्यायाची मागणी असते. मावशींच्या गल्लीनं आपल्या निधीचा हिशोब मागितला की मात्र पोटाचं बोला, जात काढू नका.

नुसत्या जयंत्या आणि कटआऊटवाल्यांची बाजू मी घेत नाही, हे पण सांगते. जानेवारी 2025 ला बेळगावात काँग्रेसची जय बापू, जय भीम, जय संविधानची मोठी सभा झाली. घ्या की सभा. पण भाषणात जय भीम आणि बजेटात मात्र उपयोजनेच्या पैशातनं गॅरंटी, हे दोन्ही एकदम कसं चालतं ते त्या स्टेजवर बसणाऱ्यांनी एकदा समजावून सांगावं. बंद करा कोण म्हणतंय? 2000 चालू ठेवा, बस चालू ठेवा, फक्त सगळ्यांचे पैसे एकाच तिजोरीतनं द्या आणि उपयोजनेचा पैसा उपयोजनेला. तिजोरीत पैसा कमी पडत असेल तर श्रीमंतांवर कर लावायचं धाडस करा, ते करायचं सोडून सगळ्यात गप्प बसणाऱ्याचा डबा उघडायचा हा कसला समाजवाद?

झेडपी-टीपीची (जिल्हा आणि तालुका पंचायतीची) मुदत 2021 ला संपली, त्या इलेक्शन कधी लागतील तेव्हा लागतील, पण लागल्या की दारात येणाऱ्या प्रत्येकाला, मग तो काँग्रेसचा असो, भाजपचा असो नाहीतर आमच्या समितीचा, मी हेच विचारणार आहे, की तालुक्याला उपयोजनेचे किती आले आणि कशावर गेले. संपादक साहेब, तुमच्या तालुका प्रतिनिधींनी आधीच तो हिशोब काढून छापला तर आमचं काम सोपं होईल. पत्र लांबलंय, जागा कमी असली तर घरातलं सगळं कापा, आकडे तेवढे ठेवा.

आपली,
एक वाचक, निपाणी