बाळंतपणाचा पगार कोणाच्या खिशातून?

चि. अभिजित,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर वर्कशॉपात नोकरीसाठी आलेल्या मुलीबद्दल तू म्हणालास, "मुलगी हुशार आहे गं, पण लग्न ठरलंय. वर्षभरात बाळंतपणाची रजा घेईल, सहा महिने बसून पगार कुठून देऊ?" बाबा शेजारी होते म्हणून तेव्हा बोलले नाही.

तुझी भीती अगदीच खोटी नाही. 2017 साली रजा 12 आठवड्यांची 26 झाली, फार बरं झालं; पण तो पगार घातला मालकाच्या एकट्याच्या डोक्यावर. त्यामुळे कायदा बाईच्या बाजूचा आणि नोकरी मात्र पुरुषाला, असं पुष्कळ ठिकाणी होऊन बसलंय.

पण तुझ्या वर्कशॉपचं तसं नाही रे. तुझ्याकडे दहाच्या वर माणसं, म्हणजे ईएसआय, कामगारांचा सरकारी विमा, आहे. तिला तू 18,000 देणार, मर्यादा 21,000 ची. मग तिच्या 26 आठवड्यांचे पैसे ईएसआयसी, म्हणजे हा विमा चालवणारं महामंडळ, देईल, तू नाही. तुझे सव्वातीन टक्के म्हणजे महिना 585 रुपये, तिचे पाऊण टक्का म्हणजे 135. चलन 15 तारखेच्या आत. तिच्या जागी मुलगा घेतलास तरी हे भरायचंच आहे! फक्त नाव पहिल्या दिवसापासून चढव. 70 दिवसांची वर्गणी नसली की दावा अडतो, आणि "तीन महिने काम बघू, मग नाव घालू" ही मालकांची चाल माझी सगळी नोकरी हजेरीपत्रकं भरण्यात गेल्यामुळे मला चांगली ठाऊक आहे. सहा महिन्यांसाठी बदली माणूस शोधायची डोकेदुखी मात्र तुझीच.

आणि लेथवरच्या पोरांचंही बघ. केंद्र सरकारच्या नोकराला बाप झाल्यावर 15 दिवस मिळतात, खाजगीत कायद्याने काहीच नाही. तू आठवडाभर पगारी रजा दिलीस तर कोण अडवतंय? 2024 च्या सरकारी पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाची 289 मिनिटं निघाली, घरकाम करणाऱ्या पुरुषांची 88. बाबा ऐकून म्हणाले, "88? इतकी?"

तिला पुन्हा बोलाव. लग्नाचा विषय काढू नकोस. हातात मायक्रोमीटर दे आणि मापं नीट घेते का बघ. घेत असेल तर सोमवारी नेमणूकपत्र दे, आधार आणि पासबुकाची प्रत तेव्हाच मागून घे.

तुझी,
आई