प्रेस्टविकला जाण्याआधी

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

शनिवारी स्कॉटलंडमधल्या प्रेस्टविकला जाते आहेस, फार बरं वाटलं. ग्लासगो सेंट्रलहून गाडी धरलीस की प्रेस्टविक टाउनला उतर. त्याच मार्गावर विमानतळाचं वेगळं स्टेशन आहे, तिथे उतरलीस तर उगीच पायपीट होईल. टाउन स्टेशनाला लागूनच गोल्फ क्लब आहे. पहिल्या होलच्या, म्हणजे सुरुवातीच्या जागेपासून खळगीपर्यंतच्या टप्प्याच्या, उजव्या अंगाला दगडी भिंत आणि भिंतीपलीकडे रूळ, त्यामुळे चेंडू जरा उजवीकडे सरकला की तो रेल्वेचा. क्लब खाजगी आहे, तेव्हा मैदानात पाऊल टाकण्याआधी क्लबहाउसमध्ये विचार.

ओपन चॅम्पियनशिप ही गोल्फची मोठी स्पर्धा सुरू झाली ती इथे. तिचा इतिहास वाचताना विजेत्यांची यादी पाठ करत बसू नकोस. या स्पर्धेचा जवळजवळ प्रत्येक नियम कुठली तरी अडचण आल्यावर झाला आहे. ती अडचण कळली की नियम आपोआप लक्षात राहतो.

अ‍ॅलन रॉबर्टसन हा त्या काळचा सर्वांत मोठा खेळाडू. तो 1859 मध्ये वारला आणि आता अव्वल कोण, हा प्रश्न उभा राहिला. प्रेस्टविकच्या सभासदांनी लाल मोरोक्को चामड्याचा, चांदीच्या बकलचा पट्टा करवून घेतला आणि 17 ऑक्टोबर 1860 रोजी आठ व्यावसायिक खेळाडूंना खेळवलं. तेव्हा मैदान 12 होलचं होतं. एकाच दिवसात तीन फेऱ्या, म्हणजे 36 होल. विली पार्क 174 फटक्यांत जिंकला, यजमान टॉम मॉरिस दोन फटक्यांनी मागे राहिला. रोख बक्षीस काहीच नव्हतं. पुढच्याच वर्षी हौशी खेळाडूंनाही दार उघडलं, आणि खऱ्या अर्थाने ‘ओपन’ ती तेव्हापासून.

पट्ट्याची अट अशी होती की सलग तीनदा जिंकणाऱ्याने तो कायमचा घरी न्यावा. टॉम मॉरिसच्या मुलाने, यंग टॉमने, 1868, 1869 आणि 1870 असा तो जिंकला. 1870 ची सुरुवात तर नीट समजून घे. पहिला होल 578 यार्डांचा, हातात लाकडी दांड्याच्या काठ्या, चेंडू गुट्टापर्चाचा, म्हणजे झाडाच्या चिकापासून केलेला. एवढं अंतर त्याने तीन फटक्यांत संपवलं! आजच्या काठ्या आणि आजचा चेंडू घेऊनसुद्धा हे क्वचितच कुणाला जमेल. त्या जुन्या टीच्या, म्हणजे पहिला फटका मारायच्या, जागी आता दगडांचा स्मारक-चौथरा आहे. तो पाहिल्याशिवाय परतू नकोस.

पट्टा गेला आणि 1871 मध्ये स्पर्धाच झाली नाही, कारण द्यायला काही नव्हतं. मग प्रेस्टविक, सेंट अँड्र्यूजचा रॉयल अँड एन्शंट आणि एडिंबरोचा ऑनरेबल कंपनी या तीन क्लबांनी प्रत्येकी 10 पौंड घातले आणि चांदीचा क्लॅरेट जग, म्हणजे वाइनची सुरई, द्यायचा ठरला. कायमचा घरी नेण्याची अट या वेळी कुणी घातली नाही. खर्च तिघांचा, म्हणून स्पर्धाही तिन्ही मैदानांवर पाळीपाळीने. आजही ओपन दरवर्षी जागा बदलते त्याचं मूळ इथे आहे. 1872 मध्ये जग तयार नव्हता, यंग टॉमला सुवर्णपदक देऊन भागवलं. पण जगावर पहिलं नाव त्याचंच कोरलं आहे. 1875 च्या नाताळच्या दिवशी तो गेला, अवघ्या चोविसाव्या वर्षी.

1892 मध्ये स्पर्धा 36 होलऐवजी 72 होलची झाली. खेळाडू वाढत गेले तसा 1898 मध्ये कट, म्हणजे मागे पडलेल्यांना अर्ध्यावर वगळण्याची रीत, आला आणि 1907 मध्ये पात्रता फेऱ्या. प्रेस्टविकवरचं ओपन मात्र गर्दीने संपवलं. 1925 मध्ये मॅकडॉनल्ड स्मिथ पाच फटक्यांची आघाडी घेऊन शेवटच्या फेरीला उतरला. लोकांनी मैदान असं भरून टाकलं की त्याला धड खेळता येईना. त्याची फेरी 82 वर गेली आणि जिम बार्न्स जिंकला. इथे एकमेकांना छेदणारे होल आणि मधे टेकाडं, त्यामुळे एवढी माणसं थोपवायची कुठे? चोविसावं ओपन इथलं शेवटचं ठरलं. पुढच्या वर्षी इंग्लंडमधल्या लिथमला प्रवेशासाठी पैसे घ्यायला सुरुवात झाली. एवढ्या जुन्या जागेवरून स्पर्धा उठली याचं वाईट वाटतं, पण तो निर्णय योग्यच होता.

चेंडूचंही असंच. ब्रिटनचा चेंडू 1.62 इंच व्यासाचा, अमेरिकेचा 1.68. वजनाची मर्यादा दोन्हींना तीच. लहान चेंडू समोरच्या वाऱ्याला कमी अडतो, म्हणून समुद्रकाठी तो लाडका होता. 1974 पासून ओपनमध्ये मोठा चेंडू सक्तीचा झाला आणि वाऱ्याखालून काढायचा ठेंगणा फटका सगळ्यांनाच नव्याने घोटावा लागला.

जुलैत टीव्हीवर ओपन बघशील तेव्हा वेळापत्रक आधी बघ. पहिले दोन दिवस 156 जण, तिघातिघांचे 52 गट, सगळे एकाच टीवरून. दोन गटांत अकरा मिनिटं धरलीस तरी पहिला आणि शेवटचा गट यांच्यात नऊ तासांहून जास्त अंतर पडतं. उत्तरेकडचा लांब उजेड आहे म्हणून हे निभतं. सकाळी वारा पडलेला आणि दुपारी सुटलेला असेल तर दोघांनी दोन वेगळी मैदानं खेळल्यासारखं होतं. म्हणून गुरुवारी सकाळी खेळलेल्याला शुक्रवारी दुपारी पाठवतात. तरी हवा दोन्ही दिवस एकाच गटावर उलटू शकते. दोन फेऱ्यांनंतर पहिले सत्तर आणि बरोबरीत असलेले पुढे जातात.

आपल्याकडच्यांत पुण्यात जन्मलेल्या अनिर्बान लाहिरीने 2012 मध्ये लिथमच्या नवव्या होलवर एका फटक्यात चेंडू आत घातला होता. 2023 मध्ये इंग्लंडमधल्या हॉयलेकच्या ओपनमध्ये शुभंकर शर्मा संयुक्त आठवा आला.

मैदानात जाऊ दिलं तर सतराव्या होलवर, आल्प्सवर, जरा थांब. 1860 च्या होलांपैकी हाच सर्वांत जुन्या रूपात उरला आहे. मधे टेकाड, पलीकडे सहारा नावाचा खोल बंकर, म्हणजे वाळूचा खड्डा, आणि त्यामागे ग्रीन, म्हणजे खळगीभोवतीची बारीक कापलेली हिरवळ; त्यामुळे दुसरा फटका आंधळाच मारायचा. पुढचे खेळाडू ग्रीनवरून हटले की घंटा वाजवतात. वाऱ्याचं जाकीट बरोबर ठेव. फोटो पाठव, आधी त्या दगडांचा.

तुझी,
आई