माझ्या पाठीवर हात ठेवू नकोस

पोखरा, नेपाळ
कोजागिरीचा दुसरा दिवस

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. ही गोष्ट फोनवरही सांगता आली असती, परंतु फोनवर तू मला वाक्य पुरे करू देत नाहीस आणि हा विषय अर्ध्या वाक्यात तोडला तर निव्वळ वेडेपणा वाटेल असा आहे, म्हणून सविस्तर लिहितो. येत्या पंधरवड्यात, म्हणजे इथला तिहार (इथली दिवाळी) सुरू होण्यापूर्वीच्या एखाद्या बुधवारी, मी कुश्मा येथील पुलावरून बंजी जंप करण्याचे, म्हणजे घोट्यांना रबरी दोर बांधून उडी मारण्याचे ठरवले आहे. घरी सौ.ला हे ठाऊक आहे. आईला सांगितलेले नाही, आणि तूही सांगू नकोस.

हे नेपाळात आल्यावर सुचलेले खूळ नव्हे. स्वेच्छानिवृत्तीचे कागद बँकेत दिले त्याच आठवड्यात मी नेत्रतज्ज्ञांकडे गेलो होतो, ते चष्म्याचा नंबर बदलला म्हणून नव्हे. उलटे लोंबकळत असताना दोर खेचला जातो तेव्हा रक्त डोक्याकडे लोटते, डोळ्यांतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांवर ताण येतो, आणि ज्यांचा उणे नंबर मोठा असतो त्यांचा दृष्टिपटल मुळातच ताणलेला व पातळ असतो, असे वाचनात आले होते. माझा नंबर उणे चार आहे. डॉक्टरांनी थेंब घालून बाहुल्या मोठ्या केल्या, दोन्ही डोळ्यांचे पडदे बराच वेळ तपासले आणि पडदा कुठे विरलेला नाही, छिद्र नाही, असा निर्वाळा दिला. त्यानंतर रक्तदाब, हृदयाचा आलेख आणि मानेचा व कमरेचा एक्स-रे झाला. बाकी सारे नीट निघाले आणि कमरेबद्दल अस्थितज्ज्ञांनी ‘वयाला साजेशी आहे’ एवढाच शेरा मारला. तुला रक्तदाबाची गोळी चालू आहे, तेव्हा तुला ते पुलावर उडी मारू देणार नाहीत. त्यामुळे ‘मग मीही मारतो’ हे वाक्य तू मनात जुळवत असशील तर ते तिथेच सोडून दे.

तीन ठिकाणांचा विचार केला. काठमांडूपासून सुमारे शंभर किलोमीटरवर, तिबेटच्या सीमेकडे जाणाऱ्या रस्त्यालगत, भोटेकोशी नदीवर 160 मीटर उंचीचा झुलता पूल आहे, आणि नेपाळात बंजीची सुरुवात तिथूनच झाली. मात्र तिथे उडी झाल्यावर माणसाला खाली नदीकाठी उतरवतात आणि मग सारी चढण पायी चढून वर यावे लागते, जे माझ्या गुडघ्यांना मान्य नाही. शिवाय तो रस्ता दरडींचा. 2015 च्या भूकंपात तो सारा भाग उद्ध्वस्त झाला होता आणि डोंगर अजूनही निवलेले नाहीत. दुसरे ठिकाण पोखऱ्याला लागूनच हेमजा येथे आहे. तिथे मनोऱ्यावरून उडी मारतात आणि उंची सत्तर मीटरच्या आसपास आहे. शहाण्या माणसाने पहिली उडी तिथे मारावी, हे मला कळते. तिसरे कुश्मा. पोखऱ्याहून बागलुङच्या रस्त्याने साठ-एक किलोमीटर गेले की हे गाव लागते, आणि तिथे कालीगंडकीच्या घळीवर टाकलेल्या पाचशे मीटरांहून लांब अशा पादचारी पुलाच्या मधोमध उडीची जागा आहे. उंची 228 मीटर. एकावर एक तीन कुतुबमिनार उभे केले तरी वर नऊ-दहा मीटर उरतात.

मग सत्तर सोडून 228 कशासाठी, असे तू विचारशीलच. परवा मी नुसता पाहायला म्हणून कुश्म्याला जाऊन आलो. त्या गावाला झुलत्या पुलांचेच गाव म्हणावे लागेल, कारण एका बाजूला मोदी नदी, दुसऱ्या बाजूला कालीगंडकी, मधल्या उंच पठारावर वस्ती, आणि पलीकडच्या गावाला जायचे तर पूर्वी अर्धा दिवस खाली उतरून पुन्हा वर चढण्यात जात असे. मोदीवरचा ग्यादीकडे जाणारा पूल 344 मीटर लांब आहे आणि त्यावरून दप्तरे पाठीला लावलेली पोरे अशी चालत होती, जशी आपण एस. टी. स्टँडवरून शाळेत जात असू. इथे अशा पुलाला ‘झोलुंगे पुल’ म्हणतात. इथल्या माणसाच्या दृष्टीने अधांतरी चालणे हा पराक्रम नाही, तो बाजाराचा रस्ता आहे, आणि ते पाहिल्यावर माझी भीती गेली नाही तरी जरा लाजली.

उडीच्या जागेजवळ उभा राहून मी चार उड्या पाहिल्या. त्यांतील एक मुलगी विशीची असेल. तिच्या घोट्यांभोवती मऊ गादीसारखी पट्टी गुंडाळून त्यावर पट्टे आवळले होते, आणि दोन्ही पाय असे जखडलेले असल्यामुळे ती फळीच्या टोकापर्यंत उखाणा घ्यायला निघालेल्या नवरीसारखी इंच इंच सरकत होती. पोटरीजवळून लोंबणारा जाड रबरी दोर त्याच्या स्वतःच्या वजनाने तिला आधीच खाली ओढत होता. हे दूरवरून चित्रफितीत कधी दिसत नाही. तिने हात पसरले, मान वर केली आणि गेली. मी पुलाच्या लोखंडी जाळीवर उभा होतो. ती गेल्यावर काही क्षणांनी माझ्या तळपायांना जाळीतून एक बारीक थरथर जाणवली. किंकाळी मी विसरेन, ती थरथर विसरणार नाही. सत्तर मीटरचा विचार माझ्या मनातून तिथेच गेला. कमी उंचीवरून मारलेली उडी ही मला घरी परतल्यावर सतत खुलासे करायला लावणारी उडी ठरली असती, आणि भीती तर दोन्हीकडे सारखीच वाटणार आहे.

आता दोराविषयी, कारण तू हिशेबाचा माणूस आहेस आणि मीही तीस वर्षे दुसऱ्यांची व्हाउचरे तपासली आहेत. 228 मीटर ही पुलाची उंची आहे, माणूस तेवढा पडत नाही. दोर लेटेक्सच्या असंख्य बारीक धाग्यांचा जुडगा असतो. आधी तो सैल असतो तोवर आपण मोकळे पडतो, तो ताठ झाला की ताणला जाऊ लागतो आणि पडण्याचा वेग हळूहळू शोषून घेतो. हे ‘हळूहळू’ फार महत्त्वाचे आहे, कारण त्याच जागी साधा नायलॉनचा दोर असता तर त्याने धक्का क्षणात दिला असता आणि पाठीचा कणा मोडला असता. कोणत्या माणसाला किती जाड दोर लावायचा हे वजनावर ठरते. म्हणून तिथे वजन करतात, आकडा मार्करने हातावर लिहितात आणि पुढे दुसरा माणूस तो पुन्हा पडताळतो. हा शेवटचा भाग पाहून मला मनापासून बरे वाटले. बँकेत यालाच आम्ही मेकर-चेकर म्हणत होतो. घोट्यांखेरीज कमरेला आणि छातीला स्वतंत्र हार्नेस असतो, म्हणजे एक बांधणी सुटली तरी दुसरी उरते. प्रत्येक दोराने किती उड्या झाल्या याची नोंद ठेवून ठरावीक आकड्यानंतर तो बाद करायचा असतो, आणि ती नोंदवही दाखवा असे मी उडीच्या दिवशी म्हणणार आहे. ते हसतील. हसू देत.

या खेळाचा उगम शोधताना एक गोष्ट हाती लागली, ती तुला सांगायलाच हवी. पॅसिफिक महासागरातील वानुआतूच्या पेंटेकॉस्ट बेटावर पुरुष लाकडी मनोऱ्यावरून घोट्यांना वेली बांधून उड्या मारतात आणि ते फक्त सुरणासारख्या कंदांच्या सुगीच्या दिवसांत, कारण पावसाळ्यानंतर वेली रसरशीत व लवचीक असतात. 1974 मध्ये इंग्लंडची राणी आली म्हणून हंगाम नसताना उड्या मारवल्या, वेल तुटली आणि एक माणूस दगावला. पुढे 1979 मध्ये 1 एप्रिलला ऑक्सफर्डच्या काही तरुणांनी ब्रिस्टलच्या क्लिफ्टन पुलावरून रबरी दोराने उड्या मारल्या आणि 1988 मध्ये न्यूझीलंडमध्ये कवाराऊ पुलावर 43 मीटरची पैसे देऊन मारायची उडी सुरू झाली. पण मला त्या राणीच्या भेटीचेच पुन्हा पुन्हा आठवते. पाहुण्यांसाठी म्हणून घाई झाली की वेल तुटते. म्हणून मी पाऊस पूर्ण सरेपर्यंत थांबणार आहे, सकाळची वेळ घेणार आहे, कारण कालीगंडकीच्या खोऱ्यात दुपारी वारा चढतो, आणि शनिवार टाळणार आहे, कारण इथे आठवड्याची सुटी शनिवारी असते व गर्दीत कामे घाईने उरकली जातात.

विम्याचे एक सांगतो. माझ्या प्रवासी विम्याच्या बारीक अक्षरांत साहसी खेळ वगळलेले निघाले. जादा हप्ता भरून ते समाविष्ट करून घेतले, त्याची प्रत घरी कपाटात निळ्या फाईलमध्ये आहे. हे वाक्य लिहिताना हात थोडा अडखळला.

आता मुख्य मुद्दा. आमच्या मळ्यातील विहीर तुला आठवते. मोट कधीच बंद होऊन इंजिन बसले होते, पण थारोळ्याचे दगड शाबूत होते आणि तुम्ही सारे तिथून सूर मारीत होता. मी अकरा वर्षांचा, पाठीला पत्र्याचा डबा बांधलेला, चष्मा काढून ठेवल्यामुळे पाणी नुसते हिरवट दिसणारे. किती वेळ उभा होतो कोण जाणे. मग तू मागून आलास आणि माझ्या पाठीवर हात ठेवलास. पुढे मी पोहायला शिकलो, त्याबद्दल तुझे उपकारच आहेत, पण त्या दिवशी मी उडी मारलेली नाही, मला ढकलले गेले आहे. बेचाळीस वर्षांत हे मी तुला कधी बोललो नाही, कारण त्यात रागावण्यासारखे काही नव्हते. ती उंची वीस फुटांची होती आणि खाली पोहोचायला मला सेकंदाहून थोडेसेच अधिक लागले असेल. ती एक पायरी मात्र माझ्याकडून राहून गेली. नंतर रायगडावर टकमक टोकाला सहलीतील पोरे कठड्याशी जाऊन फोटो काढीत होती, तेव्हा मी मागच्या खडकावर बसून सगळ्यांच्या पिशव्या सांभाळल्या होत्या.

म्हणून तू यावेस अशी माझी इच्छा आहे. दसऱ्याच्या सुमारास, म्हणजे इथल्या दशैंत, गावोगावी उंच बांबूंचे झोके बांधतात. त्यांना ‘पिङ’ म्हणतात, आणि दशैंत एकदा तरी पाय जमिनीवरून सुटले पाहिजेत अशी इथली समजूत आहे. काल पोखऱ्याबाहेर एका म्हाताऱ्या बाईंना नातवंडांनी हट्टाने पिङवर बसवले आणि मग मलाही बोलावले. मी बसलो. झोका मात्र मीच घेतला, त्या पोरांना हात लावू दिला नाही.

तुझ्या येण्याचा तपशील असा. लोकमान्य टिळक टर्मिनसहून गोरखपूर, तिथून बसने सुनौली. सीमा पायी ओलांडता येते. व्हिसा लागत नाही, मात्र पासपोर्ट किंवा निवडणूक ओळखपत्र मूळ प्रत म्हणून जवळ ठेव. पलीकडे भैरहवा येथे पोखऱ्याची बस मिळते, पाल्पामार्गे येणारी घेतलीस तर रस्ता वळणांचा पण सुंदर आहे. घड्याळ पंधरा मिनिटे पुढे कर. शंभराच्या नोटा भरपूर आण, आणि कोणी भाव सांगितला की आधी ‘आयसी की नेपाली?’ असे विचार. आयसी म्हणजे आपला रुपया, ज्याचे इथे 1.60 होतात. हे न विचारल्यामुळे एका लॉजमध्ये दीड हजारांची समजून घेतलेली खोली मला सकाळी चोवीसशे नेपाळी रुपयांना पडली आणि मालकाशी माझी बोलाचाली झाली. चूक त्याची की माझी, हे अजून ठरलेले नाही.

तुमच्या देव्हाऱ्यातील शाळीग्राम, ज्याच्याशी दरवर्षी तुळशीचे लग्न लागते, तो याच कालीगंडकीच्या पात्रातला. वरच्या मुस्ताङकडील खडकांत हिमालय नव्हता तेव्हाच्या समुद्रातील शंखधारी प्राणी दगड होऊन पडले आहेत, आणि नदी ते घासून गोल करून खाली आणते. पुलावरून मात्र असले काही दिसत नाही, खाली करड्या पाण्याची एक रेघ तेवढी दिसते. तुझ्या मातोश्रींना सांग की नदी पाहायला जातोय. तेवढे खरेच आहे.

पुलावर तुझे काम एवढेच की माझा चष्मा हातात धरायचा. खिशात ठेवू नकोस, तू त्यावर बसतोस. मी फळीच्या टोकावर कितीही वेळ उभा राहिलो तरी काही बोलायचे नाही. तिथल्या जंपमास्टरला मी आधीच सांगणार आहे की आकडे मोज, पण मला स्पर्श करू नकोस, आणि तेच तुलाही सांगतो आहे. आकडे संपूनही मी मागे फिरलो, तर चष्मा माझ्या हातात दे, मी आपणहून पुलावरून चालत परत येईन, आणि पैसे परत मिळणार नाहीत त्याचे मला काही वाटणार नाही.

येताना जयसिंगपूरचा भडंग आण, अर्धा किलो पुरे. उडीच्या आधी मी काही खाणार नाही, तेव्हा पाकीट आधी फोडू नकोस.

तुझा,
ढापण्या