पट्टी

ता. ६ एप्रिल

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू इतकी चिडली होतीस की मला नीट बोलताच आलं नाही, म्हणून लिहितेय. "आई, ऑफर लेटरवर एक आकडा आणि खात्यात दुसराच! मधले गेले कुठे?" खरं सांगू, मला हसू आलं. हाच प्रश्न मी तेरा वर्षांची असताना विचारला होता, आंब्याच्या खळ्यात.

१९८८ चा मे. पावसजवळच्या आपल्या गावात शेजारच्या काकांची कलमं होती. सुट्टी लागली की आम्ही तीन-चार मुली त्यांच्याकडे पेट्या भरायला जायचो. पेटीमागे पंचवीस पैसे. तळाला भाताचा पेंढा, त्यावर देठ मोडू न देता फळ, वर पुन्हा पेंढा. फळ्या ठोकायचं काम गड्यांचं. देठ मोडला की चीक उडायचा. माझ्या मनगटावरचा काळसर डाग तू लहानपणी थुंकी लावून पुसायला बघायचीस ना, तो त्यातलाच.

एका संध्याकाळी काका मुंबईच्या दलालाची पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशोबाचा कागद, वाचत बसले होते. मी डोकावले. वर पेट्यांची रक्कम एवढी मोठी की मला वाटलं, काका श्रीमंत झाले. मग खाली ओळीमागून ओळ: ट्रकचं भाडं, हमाली, दलालाची अडत (म्हणजे कमिशन), पावसाळ्यानंतर घेतलेली उचल. तळाशी उरलं ते एवढंसं. "बाकीचे कुठे गेले?" मी विचारलं. काका म्हणाले, "वरचा आकडा गावाला सांगायचा, खालचा काकूला."

तेव्हापासून कुठलाही कागद हातात आला की माझी नजर आधी तळाला जाते. बाबांना गाडी घ्यायची होती तेव्हा मी हप्ता किती ते विचारलंच नाही, सगळे मिळून किती जाणार ते विचारलं. आठवडाभर रुसले होते.

तर तुझी पट्टी उघड, पगाराची. पीएफ, म्हणजे भविष्य निर्वाह निधी, म्हणून मूळ पगाराच्या बारा टक्के कापलेत, ते अडतीसारखे गेलेले नाहीत, तुझ्याच नावावर साठताहेत. कंपनीचा हिस्सा बहुतेक सीटीसीतच, म्हणजे तुझ्यावर होणाऱ्या कंपनीच्या एकूण खर्चातच, धरलाय, म्हणून तो आकडा फुगलेला दिसला. व्यवसाय कराचे दोनशे मात्र गेले. फेब्रुवारीत तीनशे जातील, तेव्हा पुन्हा फोन करून भांडू नकोस. आणि नोकरी बदललीस तर पीएफ काढून मोकळी होऊ नकोस, पुढच्या खात्यात वळव.

त्या उन्हाळ्याचे मला एकशे दहा रुपये मिळाले. आजोबांनी भर घालून पोस्टात हजाराचं किसान विकास पत्र घेतलं. त्याच वर्षी ते नवीन निघालं होतं, साडेपाच वर्षांत दुप्पट. (आता ११५ महिने लागतात.) दोन हजार हातात आले, त्यातला एक रुपया मी मोडला नाही. पुन्हा पोस्टात. याचं सगळ्यांनी कौतुक केलं, मीही कित्येक वर्षं केलं.

पण खळ्यातून मी आणखी एक खोड घेऊन आले. निघताना काकू आम्हाला डागी आंबे द्यायच्या. चांगलं फळ पेटीत, डागी घरात. निवडक हापूस मी पहिल्यांदा खाल्ला तो लग्नानंतर, आणि खाताना चोरी केल्यासारखं वाटत होतं. बाजारात अजूनही माझा हात आधी कोपऱ्यातल्या उतरत्या भावाच्या पाटीत जातो. ते माझ्यापुरतं राहिलं असतं तर ठीक होतं. नववीत तुला सहलीला पाठवलं नाही, तेव्हा "या महिन्यात जमत नाही गं" म्हणाले होते. पासबुकात पैसे होते, मनू. तू हट्टही केला नाहीस, नुसतं "बरं" म्हणालीस आणि सहलीचा कागद घडी घालून दप्तरात ठेवलास.

पहिल्या पगाराचं काय आणू, म्हणून विचारत होतीस. साडी नको. मे महिन्यात येशील तेव्हा एक पेटी आण, पाच डझनी, एकही डाग नसलेली. भाव मला सांगू नकोस. आणि पेटी तूच उघड. मी उघडली तर मऊ पडलेले आधी शोधत बसेन.

तुझी,
आई