‘आता काय, सगळं माहीत आहे’

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

बाळंतविड्यात काय द्यावं, पाळणा कसा सजवावा यावर पुरवण्यांतून वरचेवर लिहून येतं. ते बहुतेक पहिल्या बाळापुरतं असतं. दुसऱ्या खेपेला मात्र घरोघरी एकच वाक्य ऐकू येतं, ‘आता काय, सगळं माहीत आहे.’ या वाक्यापायी काय काय सुटून जातं, ते सांगण्यासाठी हे पत्र. पहिलं बाळंतपण माहेरी होतं. आई, मावशी, मालिशवाली बाई अशी माणसं हाताशी असतात. दुसरं बरेचदा सासरी किंवा शहरातल्या दोन खोल्यांत होतं आणि आठव्या दिवशी बाळंतीण थोरल्याचा डबा भरताना दिसते.

सुरुवात रक्तगटापासून करू. आई निगेटिव्ह आणि वडील पॉझिटिव्ह असले तरी पहिल्या बाळाला सहसा काही होत नाही. धोका दुसऱ्याला असतो. पहिल्या प्रसूतीत बाळाचं थोडं रक्त आईच्या रक्तात मिसळलं, तर तिचं शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करून ठेवतं. ती पुढच्या बाळाच्या तांबड्या पेशी फोडतात. ते टाळण्यासाठी अँटी-डीचं इंजेक्शन २८व्या आठवड्यात आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत पुन्हा, असं देतात. मधल्या काळात गर्भपात झाला असेल तर तेव्हाही ते लागतं. ही गोष्ट सासूसमोर सांगता येत नाही, म्हणून तपासणीच्या खोलीत बाईला थोडा वेळ एकटीने बसू द्यावं. थोरल्याला काविळीसाठी निळ्या दिव्याखाली ठेवलं होतं का, हेही डॉक्टरांना सांगायचं. भावंडाला तशी कावीळ झाली असेल तर धाकट्यालाही ती वाढण्याची शक्यता जास्त असते. पहिल्या प्रसूतीची फाइल घरात कुठेतरी असते. ती आठव्या महिन्यातच शोधून दवाखान्याच्या पिशवीत टाकावी.

दुसऱ्या वेळी कळांचा वेळ बहुधा खूप कमी असतो. पहिल्या वेळी बारा-पंधरा तास लागले, म्हणून या वेळीही ‘सकाळी निघू’ म्हणणारे लोक वाटेतच अडकतात. कळा नियमित येऊ लागल्या की निघावं. आधीचं सिझर असेल तर घरी कळा मोजत बसणं साफ चूक, कारण जुन्या टाक्यांच्या जागी गर्भाशय फाटू शकतं. सरकारी दवाखान्यात जाण्यासाठी १०२ क्रमांकाची गाडी मोफत मिळते आणि प्रसूतीनंतर घरी सोडायलाही तीच येते. रात्री दोनला गाडी आली तर थोरलं कोणापाशी राहणार, हे नवव्या महिन्याआधी ठरलेलं हवं. ज्या काकू-मावशीकडे ठेवायचं, तिच्याकडे त्याला आधी दोन-तीन रात्री झोपवून बघावं.

आता सर्वांत दुर्लक्षित गोष्ट. धाकटं यायच्या आधी थोरल्याचं लसीकरण कार्ड उघडून बघा. दीड वर्षाच्या आसपासचा डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात यांवरच्या लसीचा) बूस्टर, गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि पाच ते सहा वर्षांदरम्यानचा डीपीटीचा दुसरा बूस्टर हे तीन डोस हमखास राहून जातात, कारण तोवर मूल धडधाकट दिसतं आणि शाळेच्या गडबडीत तारीख विसरते. धाकट्याचा पेंटाव्हॅलंटचा (डांग्या खोकल्यासह पाच रोगांवरच्या एकत्रित लसीचा) पहिला डोस सहाव्या आठवड्यात असतो, त्यानंतरचे दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात. तोवर डांग्या खोकल्यापासून त्याला पुरतं संरक्षण नसतं. थोरल्याला जो खोकला नुसता त्रासाचा, तोच तान्ह्याचा श्वास थांबवू शकतो. गोवराची लस तर नऊ महिने पूर्ण झाल्यावरच मिळते. राहिलेला डीपीटी सात वर्षांपर्यंत आणि गोवर-रुबेला पाच वर्षांपर्यंत सरकारी केंद्रात देतात. थोरल्याचं कार्ड पुरं करणं ही धाकट्याला दिलेली पहिली भेट समजा. झबली-टोपडी त्यानंतर.

थोरल्याच्या मनाबद्दल बरंच बोललं जातं, पण ते बहुतेक गोडगोड असतं. प्रत्यक्षात उपयोगी पडतात त्या बारीक गोष्टी. दवाखान्यातून घरी येताना बाळ दुसऱ्या कोणाच्या हातात असावं आणि आईचे हात रिकामे असावेत, म्हणजे दारात थोरलं धावत आलं तर ती त्याला जवळ घेऊ शकते. सिझर झालं असेल तर बारा-पंधरा किलोचं मूल दीड महिना उचलायचं नाही. आईने आधी खाली बसावं आणि मग त्याला मांडीवर घ्यावं. शाळेत घालणं, शी-शूची सवय लावणं, वेगळ्या अंथरुणावर झोपवणं यांतलं काही करायचं असेल तर बाळ येण्याच्या दोन महिने आधी उरका, नाहीतर दोन महिन्यांनी करा. दोन्ही एकदम आलं की बाळामुळेच आपल्याला बाहेर काढलं, असा अर्थ मूल लावतं.

अंथरूण ओलं करणं, बोबडं बोलणं, पुन्हा अंगावर प्यायला मागणं हे महिना-दोन महिने चालतं. मार दिल्याने ते लांबतं. थोरलं अजून अंगावर पीत असेल तर पहिल्या तीन-चार दिवसांचं चिकाचं दूध आधी तान्ह्याला मिळालं पाहिजे, एवढंच पाळायचं. दोघांना पाजता येतं. गरोदरपणातलं दूध बाधतं, या समजुतीला आधार नाही. बाळाला पाजायला बसण्याआधी थोरल्याला पाणी द्यावं, शू करवून आणावं आणि फक्त त्याच वेळी निघणारा खेळण्यांचा एक डबा समोर ठेवावा. एकेका पाजण्याला वीस-पंचवीस मिनिटं जातात आणि दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजावं लागतं, म्हणजे हा डबा चैनीचा नाही. बाळाला हात लावू दे म्हणून हट्ट केला तर भिंतीला टेकून बसवून मांडीवर द्यावं. पापी घ्यायची तर पायांची, तोंडाची नाही. एक इशारा मात्र हवा. अडीच-तीन वर्षांचं मूल प्रेमाने तान्ह्याच्या तोंडात शेंगदाणा किंवा बिस्किटाचा तुकडा घालतं आणि झोळीला जोरात झोका देतं. दोघांना खोलीत एकटं सोडून दार ओढून जाऊ नये, मिनिटभरही नाही.

आणि पाहुण्यांना हात जोडून विनंती. ‘आता तुझे लाड संपले’, ‘आई आता बाळाची झाली’ ही थट्टा बंद करा. मोठ्यांना ती विनोदी वाटते, तीन वर्षांचं मूल ती अक्षरशः खरी मानतं.

आता चालीरीतींकडे वळू. सगळ्याच चुकीच्या म्हणणं हा शहाणपणाचा आव झाला. सव्वा महिना बाळंतिणीने बाहेर न पडणं, बाहेरच्यांनी आत न येणं ही चाल फार उपयोगाची आहे. गर्भाशय मूळ आकारात यायला साधारण सहा आठवडे लागतात आणि जन्मावेळच्या लसींनंतरच्या बाळाच्या लसीही तेव्हाच सुरू होतात. दुसऱ्या वेळी नेमकी हीच चाल सर्वांत आधी मोडते. हलक्या हाताने तेल चोळणंही चांगलं.

मोडायला हवं ते वेगळंच. तेल नाकात घालू नये. ते श्वासाबरोबर फुप्फुसात उतरतं आणि त्याने न्यूमोनिया होतो. कानात तेल किंवा फुंकर, दोन्ही नको. जन्मानंतर तीन-चार दिवसांनी बाळाची छाती फुगल्यासारखी होते, मुलगा असो की मुलगी. आईकडून आलेल्या संप्रेरकांमुळे हे होतं आणि काही आठवड्यांत आपोआप ओसरतं. काही बायका ते ‘दूध’ पिळून काढतात. त्याने जंतू आत जातात, पू होतो आणि कधी चिरा द्यावा लागतो. मुलीच्या लंगोटावर पहिल्या आठवड्यात रक्ताचा डाग दिसला तर तोही याच कारणाने असतो. नाळेवर हळद, राख, तेल काही लावायचं नाही. लंगोट नाळेच्या खाली बांधायचा आणि ती कोरडी ठेवायची. पाच ते पंधरा दिवसांत ती गळून पडते.

धुरी आणि बाजेखालची शेगडी यांचा मुद्दा आणखी गंभीर. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवली की कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नसतो आणि झोपलेलं माणूस झोपेतच बेशुद्ध होतं. पूर्वीच्या कौलारू घरांत फटींतून वारा खेळायचा. स्लॅबच्या खोलीत सरकती खिडकी लावून तीच शेगडी ठेवणं म्हणजे वेगळीच गोष्ट. ऊब हवी असेल तर बाळाला उघड्या अंगाने आईच्या छातीशी धरून वरून दुपटं घ्यावं. पोट आणि तळपाय दोन्ही गरम लागले तर ठीक. पोट गरम आणि पाय गार असतील तर बाळाला थंडी वाजते आहे. दोन्ही गार असतील तर छातीशी धरूनच दवाखाना गाठायचा.

मध चाटवायचा नाही, वर्षभर. त्यातल्या बोटुलिनम जंतूंचे बीजाणू बाळाच्या आतड्यात वाढून विष तयार करतात. बाळ लुळं पडतं, रडणं क्षीण होतं. मध उकळल्यानेही ते मरत नाहीत. घुटीबद्दल वाद होतील याची कल्पना आहे. पण सहाण, पाणी, उगाळणारा हात यांतलं काहीच निर्जंतूक नसतं आणि जायफळाचे वेढे जास्त झाले की बाळ गुंगीत राहून कमी पितं. कमी प्यायलं की दूध कमी उतरतं आणि मग वरचं दूध सुरू होतं. सहा महिने फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नाही. मोहरीची उशीही नको. बाळ पाठीवर, सपाट अंथरुणावर झोपवावं.

दूध पुरतं का, हे रडण्यावरून ओळखू नये. पाचव्या दिवसानंतर दिवसाला सहा किंवा जास्त लंगोट ओले होत असतील तर पुरतं. पहिल्या काही दिवसांत जन्मवजनाच्या दहा टक्क्यांपर्यंत घट होते आणि दोन आठवड्यांत ती भरून निघते. पुढे रोज पंचवीस-तीस ग्रॅमची वाढ अपेक्षित असते. कावीळ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसली तर बहुधा साधी असते. पहिल्या चोवीस तासांतच दिसली, तळहात-तळपाय पिवळे झाले किंवा बाळ पिण्यासाठी उठेना, तर त्याच दिवशी तपासणी करावी. ‘थोरल्याला उन्हात धरलं आणि उतरली’ हा अनुभव इथे घात करतो. कोवळं ऊन हा उपचार नाही. ती साधी कावीळ उन्हात धरलं नसतं तरी उतरलीच असती. मिनिटाला साठ किंवा अधिक श्वास, श्वास घेताना छाती आत ओढली जाणं, ताप, झटके, ही लक्षणं दिसली की वाट पाहायची नाही.

बाळंतिणीकडे कोणाचं लक्ष नसतं, दुसऱ्या वेळी तर मुळीच नाही. पाजताना ओटीपोटात येणाऱ्या कळा दुसऱ्या बाळंतपणात जास्त तीव्र असतात. गर्भाशय आकसत असल्याचं ते लक्षण, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण तासाभरात एक पॅड पूर्ण भिजत असेल, दुर्गंध येत असेल, ताप असेल किंवा पोटरी एका बाजूला सुजून दुखत असेल, तर ‘बाळंतिणीला होतंच’ म्हणू नये. लोहाची गोळी रोज एक, १८० दिवस. कॅल्शियमची दिवसातून दोनदा, पण लोहाच्या गोळीबरोबर नाही, एकत्र घेतल्या की लोह अंगी लागत नाही. पहिल्या बाळंतपणातला अशक्तपणा अजून भरून निघालेला नसतो, म्हणून डिंकाचे आणि अळिवाचे लाडू खुशाल द्या, पण गोळ्यांऐवजी नाही. कुटुंब इथेच थांबवायचं असेल तर पुरुष नसबंदी बाईच्या शस्त्रक्रियेपेक्षा साधी आहे. तीन महिने दुसरं साधन मात्र वापरावं लागतं.

राहिली जन्मनोंद. मुदत २१ दिवसांची आणि नोंद जिथे जन्म झाला तिथेच होते. राहत्या गावच्या ग्रामपंचायतीत खेटे घालून उपयोग नाही. त्यानंतर, जन्मापासून ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क, वर्षापर्यंत वरिष्ठ अधिकाऱ्याची परवानगी आणि वर्षानंतर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. नाव ठरलं नसलं तरी नोंद करता येते, वर्षभरात नाव विनाशुल्क घालून मिळतं. म्हणजे बारशासाठी थांबायचं कारण नाही. दवाखान्याचा फॉर्म भरताना थोरल्याचा दाखला समोर ठेवावा. एकावर आई ‘सुनीता’ आणि दुसऱ्यावर ‘सुनिता’ असली की दोन भावंडांच्या दोन आया होतात. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून आधारपर्यंत जन्मतारखेसाठी हाच दाखला लागतो, तेव्हा वेलांटी आत्ताच तपासलेली बरी. दुसरं बाळ मुलगी असेल तर प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पात्र मातेला ६००० रुपये मिळतात. पिवळ्या किंवा केशरी शिधापत्रिकेच्या कुटुंबांनी मुलींसाठीच्या ‘लेक लाडकी’ या राज्य योजनेचा अर्जही अंगणवाडीताईंकडे द्यावा.

बारशाला पाळणा हॉलच्या मध्यभागी न ठेवता आतल्या खोलीत ठेवावा. आत्याने कानात ‘कुर्र’ करण्याआधी हात धुवावेत आणि सर्दी असेल तर दुरूनच नाव सांगावं. तिच्या पाठीवर धपाटे घालण्याचा मान मात्र थोरल्या भावंडाला द्या.

संपादक महाशय, आपल्या दैनिकात चिमुकल्यांच्या फोटोंना आणि शुभेच्छांना जागा असते. त्याच पानाच्या कोपऱ्यात दोन ओळी कायमच्या छापाव्यात, अशी विनंती आहे. आशाताईंच्या घरभेटी : ३, ७, १४, २१, २८ आणि ४२वा दिवस. जन्मनोंदीची मुदत : २१ दिवस.

आपल्या,
एका प्राथमिक आरोग्य केंद्रातील परिचारिका व आशा कार्यकर्त्या
जि. सातारा